फेकायची साल, कामाचं तेल

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशा कुठल्याही नाक्यावर संध्याकाळी ज्यूसच्या गाडीमागे नजर टाका. संत्र्या-मोसंब्यांच्या सालींनी भरलेलं पोतं तिथे हमखास दिसेल. गिऱ्हाईक ग्लासभर रस पिऊन वाटेला लागतं आणि पोतं कचऱ्याच्या गाडीत जातं. घरी आपणही तेच करतो. फोडी पोटात, साली ओल्या कचऱ्यात. पण रसात मुख्यतः पाणी, साखर आणि आंबटपणा असतो. फळाचा खरा सुगंध आणि तो ज्यात साठवलेला आहे ते तेल, ही दौलत सालीतच राहते.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करून बघा. मिक्सरच्या किंवा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घ्या. ताज्या संत्र्याच्या सालीचा एक कपटा त्याच्याजवळ नेऊन, केशरी बाजू थर्माकोलकडे ठेवून, दोन बोटांत दुमडा. बारीक तुषार उडतील. पुन्हा पुन्हा, त्याच जागी. थोड्या वेळात तिथला थर्माकोल खचायला लागतो. पांढऱ्या दाण्यांमध्ये बारीक खळगे पडतात, त्यांच्या कडा ओलसर चमकतात आणि बोट लावलं तर चिकटतं. आता शेजारी लिंबाच्या रसाचे थेंब टाका. काही होत नाही. म्हणजे हा आंबटपणाचा प्रताप नव्हे. थर्माकोल हे पॉलिस्टायरिन नावाचं प्लास्टिक, आत हवा कोंडून फुगवलेलं. सालीतलं तेल ते प्लास्टिक विरघळवतं, कोंडलेली हवा सुटते आणि तुकडा बसतो. जपानमध्ये सोनी कंपनीच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात याच गुणावर थर्माकोल विरघळवून पुन्हा वापरात आणायची पद्धत उभी केली. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून गणपतीच्या थर्माकोलच्या मखराचं करायचं काय, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आला. त्याला विरघळवणारी वस्तू फळांच्या टोपलीत होतीच.

ठिपक्यांच्या आत

संत्र्याची साल उजेडात तिरपी धरली की असंख्य बारीक ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे तेलाची एक पिशवी. साल दोन थरांची असते. बाहेरचा पातळ रंगीत थर आणि आतला पांढरा, कापसासारखा. पिशव्या फक्त रंगीत थरात असतात. त्यांच्या भोवतीच्या पेशी तेल बनवतात आणि मधल्या पोकळीत सोडतात. साल दुमडली की मऊ पांढरा थर दाबला जातो, पिशवीवरचा दाब वाढतो आणि वरचं पातळ आवरण फाटून तेलाची धार उडते. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने या धारा टिपल्या. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर भरला. पिशवीतून बाहेर पडताना तेलाला मिळणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५,००० पट होता. संत्रं सोलताना डोळ्यात जो तुषार जातो, तो असा येतो.

या तेलातला मुख्य घटक लिमोनीन. संत्र्या-मोसंब्यांच्या सालीच्या तेलात त्याचा वाटा साधारण ९० टक्के किंवा त्याहून जास्त. लिमोनीनच्या रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू असतात. ऑइलपेंट पातळ करायला पाइनच्या झाडापासून काढलेलं जे टर्पेंटाइन वापरतात, त्यातल्या पायनीनमध्येही अगदी हेच, १० आणि १६. अणू तेवढेच, जोडणी वेगळी. म्हणून एकाला पाइनच्या लाकडाचा वास आणि दुसऱ्याला संत्र्याचा. पण ओशटपणा विरघळवण्याचा घराण्याचा गुण दोघांत उतरला आहे.

हे घराणं म्हणजे टर्पीन. त्याची वंशावळ लावली ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वालाख यांनी. बॉन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुगंधी तेलांच्या बाटल्या कपाटात धूळ खात पडल्या होत्या. वालाख यांनी त्या बाहेर काढल्या आणि एकेका तेलातला एकेक घटक सुटा केला. १९१० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते या कामाला. पुढे आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वनस्पतींमधल्या टर्पिनांवर जगन्मान्य काम केलं. ठाण्याच्या वेशीवर, मुलुंडला, एस. एच. केळकर आणि कंपनी आहे. १९२२ पासून सुगंधाच्या धंद्यात असलेली ही मराठी कंपनी. लिंबूवर्गीय तेलं ही या धंद्यातली रोजच्या कामाची वस्तू.

सर्वांत नवल वाटतं ते वासाचं. तेलाचा मोठा भाग एकच रसायन असूनही संत्रं, मोसंबं आणि लिंबू आपण डोळे मिटून ओळखतो. कारण फळाची ओळख उरलेल्या थोड्या भागात असते. लिंबाचा तो झणझणीत ताजेपणा सिट्रालचा. गवती चहाच्या तेलात सिट्रालच सगळ्यांत जास्त असतं, म्हणून पावसाळ्यात चहात पात टाकली की लिंबासारखा दरवळ सुटतो. संत्र्याच्या वर्गातल्या फळांच्या तेलात थायमॉलचा अंश सापडतो. थायमॉल म्हणजे ओव्याचा वास. संत्र्याच्या सुगंधात ओव्याची चिमूट आहे, हे कळल्यावर पुढचं संत्रं सोलताना नाक आपोआप तिचा शोध घेतं.

अंबाबाईच्या हातातलं फळ

या सगळ्या फळांचं माहेर आपल्या जवळचं. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाने लिंबूवर्गाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात दाखवला. आज बाजारात दिसणारी बहुतेक फळं तीन मूळ पुरुषांच्या संकरातून आली आहेत: म्हाळुंग, पपनस आणि संत्र्याचा वर्ग. तिघेही मराठी घरांना ओळखीचे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीच्या उजव्या हातात आहे ते म्हाळुंग. पपनस गणपतीच्या दिवसांत कोकणी बाजारात दिसतं. संत्र्याने तर नागपूरला आपलं नाव दिलं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पाठोपाठ २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला. वरुड-मोर्शीच्या बागांमधलं संत्रं वाशीच्या फळबाजारातून घोडबंदर रोडच्या गाड्यांवर येतं, तेव्हा हा सगळा वंशवृक्ष त्याच्या सालीत असतो.

साल वाळवून अंगाला लावण्याची चालही आपली जुनीच. दिवाळीच्या उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचरी, चंदन यांच्या जोडीला वाळवलेल्या संत्रासालीची पूड असते. आधी अंगाला तेल आणि मग त्यावर उटणं. ते अंगावर चोळताना सालीतलं सुगंधी द्रव्य तेलात उतरतं. घरी सालीचं तेल करणं म्हणजे अभ्यंगाची हीच क्रिया बरणीत करणं.

बरणीत काय घडतं

लिमोनीन पाण्यात विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. वाळलेली साल खोबरेल तेलात बुडवून ठेवली की पिशव्यांमधलं तेल हळूहळू खोबरेलात झिरपतं. सालीचा रंगही कॅरोटिनॉइड या तेलात विरघळणाऱ्या रंगद्रव्यांचा. म्हणून पारदर्शक खोबरेल दिवसागणिक सोनेरी होत जातं. रंग किती उतरला यावरून काम किती झालं ते डोळ्यांना कळतं. खोबरेल निवडण्याचं कारण पक्कं आहे. त्यातली सुमारे ९० टक्के मेदाम्लं संपृक्त असतात. अशा मेदाम्लांवर हवेतला ऑक्सिजन सहजासहजी चढत नाही, म्हणून ते लवकर खवट होत नाही.

शत्रू एकच, पाणी. ओली साल तेलात टाकली तर तिच्यातलं पाणी तेलाखाली साचतं आणि तिथे जंतू आणि बुरशी वाढतात. एकीकडे येऊरचे डोंगर आणि दुसरीकडे खाडी, अशा या घोडबंदरच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये साल वाळतच नाही. दोन दिवसांत तिच्यावर हिरवट पूड धरते. ती पेनिसिलियम डिजिटॅटम ही बुरशी. तिचा आणि लिमोनीनचा संबंध थक्क करणारा आहे. लिमोनीन अनेक सूक्ष्मजीवांना मारक आहे, पण या बुरशीला ते मानवतं. स्पेनमधल्या संशोधकांनी जनुकांत बदल करून लिमोनीन फार कमी असलेली संत्री वाढवली. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ही संत्री हिरव्या बुरशीला सहज बळी पडत नाहीत आणि फळमाशीचे नरही त्यांच्याकडे कमी ओढले जातात. झाडाने जो वास संरक्षणासाठी घडवला, त्याच वासावरून या शत्रूंनी फळाचा पत्ता काढला.

तेव्हा तेल करायचं ते कोरड्या दिवसांत. आणि संत्र्याचे दोन्ही बहार नेमके त्याच दिवसांत येतात: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत.

कृती अशी. पाच-सहा संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा आणि पुसून कोरडी करा. फार चकचकीत फळांवर मेणाचा थर असू शकतो, ती घासणीने जास्त घासा. सोलाण्याने फक्त केशरी थर काढा. पांढऱ्या थरात तेल नाही, पाणी मात्र आहे. साली कागदावर पसरून पंख्याखाली, सावलीत वाळवा. गॅलरीतल्या कडक उन्हात वाळवल्या तर जे हवं तेच उडून जातं. साल दोन बोटांत दाबल्यावर कडकन मोडली पाहिजे. ती वाकली तर अजून एक दिवस थांबा. मग हाताने चुरून कोरड्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा आणि वरून साली पूर्ण बुडतील इतकं खोबरेल ओता. बरणी काचेचीच हवी. थर्माकोलवर जे घडलं ते काही प्लास्टिकच्या डब्यांतही घडू शकतं.

यापुढे दोन वाटा आहेत. एक, बरणी अंधाऱ्या कपाटात दोन-तीन आठवडे ठेवायची आणि अधूनमधून हलवायची. दुसरी, घाई असेल तर पातेल्यातल्या गरम पाण्यात बरणी तासभर ठेवायची, आच अगदी मंद. थेट गॅसवर तेल-साली कढवायच्या नाहीत. एक तर वास उडतो. शिवाय सालीची ताजी वाफ पेटते. संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली की ठिणग्यांचा फवारा उडतो, तो याच लिमोनीनचा. शेवटी मलमलच्या कोरड्या फडक्यातून गाळा आणि गडद काचेच्या बाटलीत भरून ठेवा. थंडीच्या पहाटे पारा २४ अंशांखाली गेला की बाटली थिजेल. बाटली कोमट पाण्यात धरली की तेल पुन्हा पातळ होतं. दोन-तीन महिन्यांत ते संपवावं.

मळ दोन जातींचा

साफसफाईसाठी या तेलाकडून कुठली अपेक्षा करायची हे आधी नीट समजून घेतलं तर पस्तावायची वेळ येत नाही. घरातला चिवट मळ दोन जातींचा असतो. एक ओशट: फोडणीच्या धुराचं जाळीवरचं किटण, डब्यांवरच्या लेबलांचा डिंक, कपड्याला चिकटलेलं च्युइंगगम. दुसरा क्षारांचा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत नळांवर आणि शॉवरच्या चाळणीवर जो पांढरा थर चढतो, तो. ओशट मळ तेलात विरघळतो, क्षार आम्लात. आणि लिंबूवर्गाच्या एकाच फळात दोन्हींचा इलाज आहे. सालीत तेल आणि रसात सायट्रिक आम्ल. शॉवरच्या चाळणीवर सालीचं तेल चोळून काही उपयोग नाही. तिथे पिळलेल्या लिंबाची फोड काम करते. ग्रेनाइटचा ओटा ठीक, पण संगमरवराला लिंबाचा रस लावू नका. नळावरच्या पांढऱ्या थरासारखा संगमरवर हाही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, आम्ल त्यालाही खातं.

नव्या स्टीलच्या डब्यावरचं लेबल ओरबाडून काढल्यावर मागे जो चिकट पट्टा उरतो, तिथे हे तेल पाहण्यासारखं काम करतं. दोन थेंब लावून दहा मिनिटं ठेवा. डिंक आधी धूसर होतो, मग मऊ पडतो आणि फडक्याखाली गोळा होऊन सुटतो. मग साबणाने धुतलं की डबा लख्ख. लाकडी देवघराला, पाटाला, दाराच्या चौकटीला हेच तेल फडक्याने पुसटसं लावलं तर लाकूड उजळतं. देवघराला लावलं तर ते पूर्ण पुसून घेतल्यावरच समई पेटवावी.

मात्र ओट्यावर किंवा फरशीवर हे तेल टाकू नका. खोबरेलाचा थर मागे राहील आणि घोडबंदर रोडवरून अवजड वाहनांनी उडवलेली सगळी धूळ त्यावर येऊन बसेल. तिथे ताजी सालच बरी. शेगडीभोवतीच्या चिकट डागावर केशरी बाजूने साल दाबून चोळा आणि मग रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने पुसा. साल ओशटपणा सैल करते. रिठ्यातलं सॅपोनिन त्या सैल झालेल्या कणांना वेढून पाण्याबरोबर बाहेर नेतं. वर्षानुवर्षं जळून घट्ट झालेल्या किटणाला मात्र धुण्याचा सोडा आणि गरम पाणीच लागेल.

त्वचेवर लावण्याआधी

या तेलाबद्दल एक समज सर्रास आढळतो: त्यात क जीवनसत्त्व आहे, म्हणून चेहरा उजळतो. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे ते बरणीत उतरतच नाही. त्वचेला मिळणारा फायदा खोबरेलाचा. ते त्वचेतला ओलावा उडू देत नाही. सालीकडून सुगंध येतो, रंग येतो आणि अंघोळीनंतर कोपरं-टाचांना तेल लावताना मन प्रसन्न होतं. एका संत्र्याच्या सालीत तेल काही थेंबच असतं, त्यामुळे घरचं तेल आपोआप सौम्य राहतं. तयार शुद्ध तेलाची बाटली आणून थेट अंगाला लावणं आणि हे घरगुती तेल लावणं यांत म्हणूनच फार मोठा फरक आहे.

त्वचेसाठी संत्र्याचीच साल घ्या, लिंबाची नको. कागदी लिंबाच्या सालीत फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्यं लक्षणीय प्रमाणात असतात. ती त्वचेत मुरली आणि त्यावर ऊन पडलं की उन्हातल्या अतिनील किरणांमुळे ती पेशींच्या डीएनएला जखडतात. एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे उरलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. याच कुळातलं सोरॅलेन बावचीच्या बियांत असतं. आयुर्वेदात कोडावर बावची देतात, आणि आधुनिक वैद्यकातही सोरॅलेन देऊन मोजून अतिनील किरण टाकण्याची उपचारपद्धती आहे. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध ठरणारी क्रिया दुपारच्या उन्हात कासारवडवलीच्या बसथांब्यावर नकळत घडली तर इजा होते. संत्र्यात ही द्रव्यं फारच कमी असतात. तरीही तेल रात्री लावावं, हा नियम बरा.

दुसरी काळजी शिळ्या तेलाची. लिमोनीनला हवा लागत राहिली की त्यातून हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात आणि त्यांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून बाटली लहान, गडद आणि घट्ट झाकणाची. वास टर्पेंटाइनसारखा उग्र किंवा खवट झाला की तेल त्वचेसाठी बाद. ते डिंक काढायला ठेवा. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस वाट पाहा. तान्ह्या बाळांना, डोळ्यांजवळ आणि कापल्या-खरचटल्यावर लावू नका. घरात मांजर असेल तर तिच्यापासून ते दूर ठेवा, कारण मांजरांना लिमोनीन बाधतं. आणि हे तेल खाण्यासाठी नाही.

आता नाक्यावरच्या त्या पोत्याकडे वळू. अशा साली बायोगॅसच्या टाकीत मोठ्या प्रमाणात गेल्या तर लिमोनीनमुळे गॅस करणारे जिवाणूच मंदावतात. कंपोस्टच्या खड्ड्यातही त्या चिवटपणे टिकून राहतात. वीस-वीस मजल्यांच्या ज्या संकुलांना आपला ओला कचरा आवारातच जिरवायचा आहे, त्यांच्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. ज्या सालीने खत व्हायला वेळ लावावा, तिच्यातलं तेल आधी कामी यावं आणि निथळलेला चोथा मग थोडा थोडा मातीत जावा, हे हिशेबालाही धरून आहे.

या हंगामात संत्री आणाल तेव्हा साली टाकू नका. कागदावर पसरा, कडकडीत वाळवा आणि एक बरणी भरा. संत्र्याचं तेल अंगाला, लिंबाची साल भांड्यांना, रस नळांना. एवढं लक्षात ठेवलं तर डिंक काढायचा स्प्रे आणि सुगंधी तेल यांवरचा बराच खर्च वाचेल. आणि बरणीतलं खोबरेल सोनेरी होताना घरातल्या मुलांना नक्की दाखवा. रसायनशास्त्राचा इतका सुवासिक धडा शाळेत क्वचितच मिळतो.